सरळ रेघेतला आवाज

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना, गाडी सिग्नलला उभी असताना, वजनमापे खात्यातले निरीक्षक काटेसाहेब यांच्या बायकोने कोणीही न विचारता एक विधान केलं. ती म्हणाली, "आपल्या गाडीतला आवाज छान आहे, नाही?"

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. अठरा वर्षं बाजारातल्या तराजूंचे काटे तपासून ते नाव त्यांना चिकटलं होतं. या अठरा वर्षांत त्यांनी एकही दावा पुराव्याशिवाय मान्य केला नव्हता. डॉक्टरने ताप आहे म्हटलं, तर थर्मामीटर शेवटचा कधी तपासला होता ते आधी विचारत. त्यांनी गाडीतला टेप बंद केला आणि विचारलं, "छान म्हणजे किती?"

"किती काय? छान म्हणजे छान."

"कशावरून?"

"अहो, कानांवरून!"

कान हे उपकरण खात्याच्या मान्य यादीत नव्हतं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, पण काटेसाहेबांच्या मनातून ते काही सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते टेपवाल्याकडे गेले. गाड्यांत टेप आणि स्पीकर बसवण्याचं त्याचं दुकान होतं. कॉम्प्युटर घेतल्यापासून त्याने कानाने आवाज जुळवणं सोडून दिलं होतं. "कानाचं काही खरं नसतं, साहेब," तो म्हणाला. "सकाळी एक ऐकतो, जेवल्यावर दुसरंच." काटेसाहेबांना इतकं जबाबदार वाक्य बाजारात प्रथमच ऐकायला मिळालं. त्यांनी टेपवाल्याकडून आवाज मोजायचा प्रोग्राम लॅपटॉपवर चढवून घेतला, पेन्सिलीएवढा मायक्रोफोन घेतला आणि पुढच्या सीटवर, बरोबर स्वतःच्या डोक्याच्या जागी, तो उभा केला.

मोजणीसाठी गाणं चालत नाही. त्यासाठी खास गोंगाट असतो. त्यात खर्जापासून टिपेपर्यंतचे सगळे आवाज ठरल्या प्रमाणात एकदम सोडलेले असतात. जाणकार त्याला पिंक नॉइज म्हणतात. सामान्य माणूस म्हणतो, नळाला हवा आली. काटेसाहेबांनी ही हवा सोडली आणि पडद्यावर रेघ उमटली. ती सरळ यायला हवी होती. डावीकडे खर्जाचा डोंगर होता, मध्ये खड्डा होता आणि उजवीकडे टिपेचं सगळंच घसरलं होतं.

काटेसाहेबांचा चेहरा पडला. "तीन वर्षं," ते बायकोला म्हणाले, "तीन वर्षं आपण या खड्ड्यात बसून ऐकत होतो."

"आणि मजेत होतो," बायको म्हणाली.

"तेच तर गंभीर आहे."

त्यांनी पंधरा दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं : घरगुती तपासणी. खर्ज उतरवला, तर टीप किंचाळू लागली. टीप दाबली, तर मधला खड्डा रुंदावला. उजवा स्पीकर जवळ असल्यामुळे आगाऊपणा करतो असं आढळलं, म्हणून त्याला एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागांइतकं थांबायला लावलं. सीटची कव्हरं निघाली, पायपुसणी निघाली, मागच्या काचेजवळची कापडी माकडं निघाली. खड्डा मात्र हटेना.

सासूबाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे राहायला आल्या होत्या. एका दुपारी पाय दुखतात म्हणून त्या गाडीत मागे डावीकडे जाऊन बसल्या, आणि पडद्यावरचा खड्डा भरून आला.

"आई, हलू नका!" काटेसाहेब ओरडले.

"काय झालं? झुरळ आहे का?"

"तुम्ही शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक आहात."

चोवीस वर्षांत जावयाने आपल्याबद्दल असं काही म्हटलेलं सासूबाईंना आठवत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. रुमाल काढायला त्यांनी मान वळवली आणि खड्डा पुन्हा पडला. काटेसाहेबांनी समोरच्या काचेवर खडूने फुली मारली आणि तिच्यावरून नजर हलवायची नाही असं ठरवून दिलं. शाल खांद्यावर घेतली तर रेघ आणखी सुधारत होती. सासूबाई रोज चार तास शाल पांघरून फुलीकडे बघत बसू लागल्या.

उजव्या बाजूला एक उंचवटा मात्र येत-जात होता. शोध घेता तो बायकोच्या गुणगुणण्याचा निघाला. ती पलीकडे गॅलरीत कपडे वाळत घालत होती. संध्याकाळी तिच्या उशीवर कागद आला : 'आपणांस कळविण्यात येते की, मोजणीच्या वेळेत गाडीपासून पंधरा मीटरच्या आत गुणगुणणे आक्षेपार्ह असून, पुढील आदेश होईपर्यंत स्थगित ठेवावे.'

बायको कागद घेऊन खाली आली. "मी गुणगुणते हा दोष आहे का?"

"दोष नाही गं. उंचवटा आहे."

"लग्नाआधी याच गुणगुणण्यावर भाळला होतात ना?"

"तेव्हा आपल्याकडे साधनं नव्हती," काटेसाहेब खाली मान घालून म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण वाईट किती, हे सांगता येत नव्हतं.

मग इंजिनाचा प्रश्न आला. इंजिन चालू केलं की डावीकडचा डोंगर पुन्हा उभा राहायचा, आणि गाडी हलली की टायर, रस्ता, वारा सगळेच रेघेत हात घालायचे. गाडीतला आवाज निर्दोष ठेवायचा, तर गाडी चालवता कामा नये, हे उघड झालं. काटेसाहेबांनी चाकांना विटा लावल्या. बायको बसने कामाला जाऊ लागली.

शुक्रवारी सासूबाईंचं ऑपरेशन होतं. "अहो, आईला हॉस्पिटलला सोडायचंय," बायको म्हणाली.

"गाडी तपासणीखाली आहे. आणि आई गेल्या तर खड्डा पडेल. डॉक्टरांना पुढची तारीख विचारू या का?"

बायकोने टॅक्सी बोलावली, आईचा हात धरला आणि ती निघाली.  काटेसाहेब दोन पावलं टॅक्सीमागे गेलेही. पण पडद्यावर खड्डा दिसत होता.

माणूस रजेवर गेला तरी काम अडता कामा नये. सासूबाईंचं वजन त्यांनी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलं होतं : एकसष्ट किलो चारशे ग्रॅम. तेवढे बटाटे पोत्यात भरले, पोतं मागे डावीकडे बसवलं, वर शाल घातली आणि खात्याचा शिक्का मारला. रेघ सासूबाईंच्या वेळेपेक्षा सरस आली. पोतं मान वळवत नव्हतं, आवंढा गिळत नव्हतं. शेवटचं बटण कणभर फिरवलं आणि रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी पार्किंगमध्ये जमली. आत कोणी बसलं तर रेघ बिघडली असती, म्हणून दारं-काचा बंद होत्या. लोक रांगेने येत, बॉनेटवरच्या लॅपटॉपकडे बघत आणि माना डोलावत.

"काय आवाज आहे!" सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले.

"खर्ज बघा, खर्ज!" सेक्रेटरी म्हणाले.

"अंगावर काटा आला," टेपवाला म्हणाला. त्याच्याकडे तिथेच आणखी अकरा गाड्यांची नोंदणी झाली.

तेवढ्यात टॅक्सी आली. बायकोने आईला उतरवलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा. सासूबाईंना पडदा दिसत नव्हता, आपल्या जागेवरचं पोतंही दिसत नव्हतं. चाळीस माणसांची वाहवा त्यांनी घटकाभर ऐकली आणि विचारलं, "जावईबापू, गाणं कधी लावणार?"

चाळीस माना काटेसाहेबांकडे वळल्या.  गाणं हा मुद्दा तपासणीच्या कुठल्याच टप्प्यावर आला नव्हता. गाडीत जे काही होतं ते त्यांनी लावलं आणि घाईने दार लोटलं.

सूर उमटले आणि रेघ हादरली. वर उसळली, खाली कोसळली, मध्ये फाटली, एका तानेला तर पडद्याबाहेर गेली. "बंद करा! बंद करा!" अध्यक्ष ओरडले. कोणीतरी मुलांना मागे ओढलं. काटेसाहेबांनी झडप घालून गाणं बंद केलं आणि पुन्हा ती हवा सोडली. रेघ हळूहळू सरळ झाली तेव्हा लोकांनी सुस्कारा सोडला. गाणंच सदोष आहे, असा ठराव जागीच एकमताने मंजूर झाला आणि पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांत गाणी लावायला मनाई झाली.

एकमत होतं, कारण बायको आणि सासूबाई मतदानाला थांबल्या नव्हत्या. बंद पडलेलं गाणं पुढे गुणगुणत त्या दोघी एकमेकींना धरून जिना चढत होत्या. काटेसाहेबांनी मान वर करून पाहिलं, एक पायरी चढले, आणि मग पंधरा मीटरचं अंतर मोजायला टेप काढली.

ते गाणं कोणतं होतं, हे जमलेल्या चाळीस जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही. आम्ही सांगितलं असतं. पण तुम्हीही इथवर रेघ सरळ होते की नाही तेच बघत आलात.