सासूबाईंच्या नावाचा किडा

बूरुलने एका किड्याला सासूबाईंचं नाव द्यायचं ठरवलं, ते नोकरी वाचावी म्हणून.

सून दिवसभर संशोधन संस्थेत बेडूक चिरते आणि त्याच हातांनी संध्याकाळी कणीक मळते, हे सासूबाईंना, कालबूबू आपांना, खपत नव्हतं. बर्फ वितळलं की नोकरी बंद, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. बर्फ वितळलं, आणि नारिनकडच्या दलदलीतल्या एका बेडकाच्या फुफ्फुसात बूरुलला गोलकृमी सापडला. दिसायला दोऱ्यासारखा, पण तोंड ओळखीच्या कृमींच्या दुप्पट. नवी जात असणार. तिने घरी येऊन सांगितलं की हिला तुमचं नाव देणार, जगभरच्या पुस्तकांत राहील. आपांनी चहाचा पियाला खाली ठेवला. एवढं होईपर्यंत नोकरी राहायला हरकत नाही, असं त्यांचं मत पडलं.

घोळ लक्षात आला तो संस्थेत या नव्या जातीवर बूरुलचं व्याख्यान होतं त्या दिवशी. पहिल्या रांगेत आपा, त्यांच्या दोन्ही बाजूंना गल्लीतल्या शेजारणी, मांडीवर बोरसोकांचं, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचं, गाठोडं. आणि किर्गिझ सून सासूचं नाव तोंडाने घेत नाही. बूरुलने लग्नापासून एकदाही घेतलं नव्हतं.

"जातीचं नाव काय?" प्राध्यापक आसानकुलांनी विचारलं.

"ठरलंय, सर. पण मला घेता येत नाही."

सगळ्या सभागृहाने समजुतीने मान हलवली. प्राध्यापकांनाही घरी सून होती. "मग वळसा घालून सांग," ते म्हणाले.

बूरुलने पडद्यावरच्या चित्राकडे काठी नेली आणि वळसा घातला. "या आमच्या घरातल्या थोरल्या. लांबीला बेताच्या. कातडी जाड. तोंड फार मोठं. दात नाहीत, पण चिकाटी दांडगी. एकदा फुफ्फुसात शिरल्या की मरेपर्यंत हलत नाहीत. दुसऱ्याच्या रक्तावर जगतात."

शेजारणींनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग आपांकडे. एकीने शेपटीबद्दल हळूच चौकशी केली. आपा ताठ बसून होत्या.

तेवढ्यात जनुकं तपासणारा सपार निकाल घेऊन आत आला. शिष्टाचाराला पक्का असल्याने त्यानेही नाव टाळलं. "थोरल्या नव्या नाहीत," तो म्हणाला. "जनुकं जुन्या जातीशी तंतोतंत जुळतात. खायला जास्त मिळालं की यांचं तोंड मोठं होतं, एवढंच."

बोरसोक चावण्याचा आवाज थांबला. बूरुलने मनातल्या मनात आपलं टेबल आवरायला घेतलं.

आपा उठल्या. त्या जुन्या जातीला नाव कुणाचं आहे, असं त्यांनी विचारलं. सपारने चाचरत सांगितलं की कुणा रशियन संशोधकाने आपल्या सासूचं दिलंय.

आपांनी सुनेकडे वळून पाहिलं. "परक्या जावयाला जमलं. तुला जमत नाही?"

"पण आपा, नोकरी..."

"नोकरीचं नाव काढू नकोस. माझं नाव लागेपर्यंत बेडूक चिरायचे. कणीक मी मळीन."

शेजारणींना घेऊन त्या निघाल्या. दारापाशी थांबून त्यांनी पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं.

"आणि या वेळी जरा लहान तोंडाची बघ."