देशमाने सर आणि घाईचा निष्कर्ष

देशमाने सरांसमोर ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत’ असं म्हणायची सोय नव्हती. चष्मा कपाळावर सारून सर विचारायचे, “कितीजणांना विचारलंत?” कँटीनचा चहा बिघडलाय अशी ओरड झाली, तेव्हा त्यांनी सहा प्राध्यापकांना डोळे मिटायला लावून दोन ठिकाणचे चहा पाजले. चौघांनी बिघडलेल्यालाच फक्कड म्हटलं. पुढं स्टाफरूममध्ये चहाचा विषय कुणी काढला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला साताऱ्यात मी त्यांच्या हाताखाली मानसशास्त्रात एम.ए. करत होतो. प्रबंध द्यायला महिना उरला होता. औंधजवळच्या एका शाळेत प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. ‘तू एकाकी असतोस का?’ याला फौजींच्या जवळजवळ सगळ्या मुलांनी ‘हो’ लिहिलेलं, इतरांनी ‘नाही’. बाप सीमेवर, म्हणून पोरं एकाकी! मी निष्कर्ष अगदी रंगवून लिहिला.

सरांनी तो वाचला. “फारच छान जमलाय. म्हणूनच भीती वाटते. उद्या एसटीनं जाऊन येऊ.”

शाळेत त्यांनी एका मुलाला शेजारी बसवलं. “हे ‘हो’ का लिहिलंस, बाळा?”

“आवं सर, मी हाय की एकांकीत! सुभेदाराचं काम हाय, गॅदरिंगला.”

“आणि बाकीची फौजींची मुलं?”

“समदीच हायती. आमच्या घरी टोप्या, पट्टे असत्यात न्हवं? म्हणून बाईंनी आमालाच घेतलं.”

‘एकाकी’ हा शब्द पोरांनी कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी तो ‘एकांकी’ वाचला होता.

मी निष्कर्षाचे कागद पिशवीत कोंबले. सर हसले नाहीत. “मुलं खोटं नाही बोलली. आपला शब्द त्यांच्या घरातला नव्हता.” मग व्हरांड्यात मांडी घालून, मुलांनाच विचारत विचारत त्यांनी प्रश्न नव्यानं लिहिला : ‘बोलावंसं वाटतं, पण घरात कुणी नसतं, असं होतं का?’

या वेळी उत्तरं मिसळून आली. फौजींची पोरं, बिनफौजींची पोरं, काही फरकच दिसेना.

“आता लिहायचं काय, सर?”

“फरक आढळला नाही, असं. लाजू नकोस. ते लिहायलाही छाती लागते.”

परतीच्या एसटीत जिवात जीव आल्यावर मी गमतीनं म्हणालो, “सर, त्या प्रश्नाला तुम्ही काय लिहाल?”

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. “माझं वय आपल्या नमुन्यात बसत नाही.”

रहिमतपूरला गाडी थांबली, तसे ते एकदम उठले. “चल, उतरू. बसू जरा इथं बोलत. मागच्या गाडीनं जाऊ. मला घरी जायची घाई नसते.”

मी पिशवी उचलून त्यांच्यामागं उतरलो. त्या संध्याकाळी आम्ही तीन गाड्या सोडल्या.