मल्लिनाथअप्पांचे बाण

आमच्या शेजारच्या मल्लिनाथअप्पांना "कसे आहात?" विचारलं, तर "बरा आहे" असं साधं उत्तर मिळत नाही. "सध्या चहाच्या आधीच्या अवस्थेत हाय," म्हणतात. "चहा आला की पुढच्या अवस्थेत जाईन. मधे लोंबकळायचं न्हाय."

कुर्डुवाडीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभी हयात गेली त्यांची. निवृत्त होऊन सोलापुरात आले आणि सिग्नलचा कायदा, लाल नाहीतर हिरवा, मधलं काही नाही, आमच्या जिन्याला लावला. आमची ही म्हणाली, "भाजी होतच आलीय," की अप्पा दारातून विचारणार, "शिजतीय की शिजली? एकच काय ते सांगा की!"

अशा माणसाच्या लेकीनं, विद्यानं, परदेशात बसून नेमकं असलंच सॉफ्टवेअर लिहिलंय. एखादी गोष्ट आत्ता कुठल्या अवस्थेत आहे आणि काय घडलं की कुठं जाईल, हे सांभाळणारं. सगळ्यांना फुकट आणि खुलं. त्याच्या माहितीच्या पानांत कुणीही दुरुस्ती सुचवावी, विद्या तपासून घेते. पानावर हलतं चित्रही आहे. गोल म्हणजे अवस्था, बाण म्हणजे वाट. बटण दाबलं की पुढचा गोल उजळतो.

अप्पा त्या पानांच्या हात धुऊन मागे लागले. लिहायचे ते आणि वाचून दाखवायचे मला. मी शाळेत चित्रकला शिकवतो. "तुमाला कळलं म्हंजे कुणालाबी कळंल," हा माझा गौरव.

पानावर चौकातल्या सिग्नलचं उदाहरण होतं. अप्पांनी चष्मा काढला. "लाल दिव्याला थांबणारा माणूस दाखवा मला सोलापुरात!" सिग्नल गेला, भाकरी आली. पीठ, थापलेली, तव्यावरची, फुगलेली. खरं सांगतो, हे सगळं प्रकरण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पान पाठवायच्या दिवशी अप्पांचा जीव थाऱ्यावर नव्हता. विद्या काय म्हणेल, हे त्यांनी मला चारदा विचारलं. मी शेवटची नजर टाकली, तर फुगलेल्या भाकरीतून एक बाण परत पिठाकडे गेलेला.

"अप्पा, हे चुकलंय. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ कसं होईल?"

अप्पांनी आधी दाराकडं बघितलं. "ठाऊक हाय. मुद्दाम काढलाय."

नोकरीत एकही सिग्नल चुकू न दिलेला माणूस हा. "मुद्दाम? का?" मी विचारलं.

"फोनवर विद्याचं 'जेवलात का, गोळी घेतली का', की झालं. पुढं तिलाबी सुचत न्हाय, मलाबी न्हाय. पान बिनचूक गेलं की नुसतं धन्यवाद येतं. चूक असली की लई लिहिती. 'पप्पा, असं न्हाय, असं.' सावकाश, समजावून."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मग आणखी एक बाण चुकवू या का?"

"नको, नको," अप्पा घाईनं म्हणाले. "एकच चूक बरी. जास्त झाल्या तर पप्पा थकले म्हणून घोर लागंल पोरीला."