साळूबाईच्या पिशव्या आणि बिबट्याचे नातेवाईक

एका जंगलात, आणि कुठल्या ते मला विचारू नका, नकाशे काढायला मी बसलेलो नाही, साळूबाई नावाची एक साळिंदर राहत होती. साळिंदर म्हणजे पाठभर टोकदार काटे असलेला प्राणी, मुलांनो. त्याच्या वाटेला बिबट्याही जात नाही.

साळूबाई गोधड्या शिवायची. गावाच्या कुंपणाला अडकलेल्या चिंध्या गोळा करायची. दोरा घायपाताचा. आणि सुई? सुया तिच्या पाठीवरच होत्या. एक काटा उपटायचा, त्याला भोक पाडायचं आणि शिवत बसायचं. जाड कापडातून जाऊन जाऊन काटा शेवटी मोडायचाच. नवा यायला पुष्कळ दिवस लागायचे. पण तिला घाई नव्हती.

एकदा चिंध्या कमी पडल्या. गोधडी काही होईना. म्हणून तिनं तेवढ्यातच खांद्याला अडकवायची पिशवी केली. कापडाचे दोन थर, मध्ये चिंध्या, वरून बारीक धावदोरा. मधली जागा रिकामी दिसली, तिथं ठिगळांचा एक बिबट्या लावला. बिबट्या काही खास जमला नव्हता. एक डोळा मोठा झाला होता आणि शेपूट पोटातून निघाली होती. ठिपके मात्र झकास होते.

ती पिशवी पमाताई सशिणीनं चार रताळी देऊन नेली.

आता या जंगलातल्या बिबट्याबद्दल सांगायला हवं. मागच्यांनो, गप्प बसा जरा. नानासाहेब बिबटे फार घरंदाज होते. शिकार समोर आली की झडप घालण्याआधी ते विचारायचे, "कुणाकडच्या तुम्ही?" चुकून नात्यातलं कुणी खाल्लं जायला नको ना! आजवर एकही शिकार नात्यातली निघाली नव्हती. त्यामुळं या रीतीचा नानासाहेबांना काही त्रास नव्हता.

पमाताई पाण्यावर गेल्या, तर समोर नानासाहेब.

"कुणाकडच्या तुम्ही?"

काही सुचेना, म्हणून पमाताईंनी पिशवी पुढं धरली. नानासाहेबांनी चित्र निरखून पाहिलं.

"हे तर आमचे थोरले काका," ते म्हणाले. "डोळा अगदी तसाच." त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. "आधी नाही का सांगायचं? घरी सगळे बरे?"

"बरे आहेत."

"या एकदा सवडीनं," असं म्हणून नानासाहेब उपाशीच घरी गेले.

झालं. दुसऱ्या दिवशी साळूबाईच्या दारात हे एवढं जंगल! एकीला गुलाबी बिबट्या हवा. दुसरीला गुलाबी शोभत नाही, तिला निळा. रानडुकरिणीला बारा पोरांसाठी बारा हव्या आणि सगळ्या एकसारख्या, नाहीतर पोरं भांडतात. हरिणी म्हणाली, "माझी काही घाई नाही हो, उद्या सकाळी दिलीत तरी चालेल."

जाताना प्रत्येकजण म्हणायचा, "साळूबाई, कला आहे हो तुमच्या अंगात."

कौतुक ऐकलं की साळूबाई पाघळायची. उपट काटा, शिव पिशवी. स्वतःसाठीही तिनं एक बेतून ठेवली होती. पण ती होत आली की कुणीतरी अडलेलं यायचं आणि घेऊन जायचं.

तिकडं नानासाहेबांचे हाल कुत्रा खाईना. सगळं जंगलच नात्यात! कुणाचं बारसं, कुणाचं डोहाळजेवण, थोरल्यांचा मान म्हणून नानासाहेबांना पहिलं बोलावणं. पाटावर बसवून वाढायचे काय, तर गवत. "लाजू नका, घरचंच आहे," असा आग्रह वर. नानासाहेबांच्या बरगड्या दिसायला लागल्या. बायको म्हणाली, "तुमचेच नातेवाईक. माझ्या माहेरचं कुणी असं छळत नाही."

एका दुपारी नानासाहेब साळूबाईकडं आले. तिच्या पाठीवर तेव्हा एकच काटा उरला होता. एकच, मुलांनो. त्यानं ती स्वतःची पिशवी पुरी करायला बसली होती. पिशवी झाली की तीही नात्यात जाणार होती आणि काटे परत येईपर्यंत निश्चिंत झोपणार होती.

"मला एक पिशवी हवी," नानासाहेब म्हणाले. "तिच्यावर ससा काढा."

"ससा कशाला?"

"बघायला. नात्यात नसलेला ससा कसा दिसतो, तेच विसरलो मी." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

साळूबाईला वाईट वाटलं. पण खरं सांगू? तिला आनंदच जास्त झाला. बिबटे काढून काढून तिला बिबट्याचा वीट आला होता. किती दिवसांनी कुणीतरी वेगळं काही मागत होतं. तिचे हात शिवशिवायला लागले. आपल्या पिशवीवरचा अर्धा झालेला बिबट्या तिनं उसवला आणि ससा लावायला घेतला. वेडी बाई!

ससा असा उतरला म्हणून सांगू. शेवटचा टाका घातला आणि काटा मोडला.

"वा! कान तर जिवंत आहेत," नानासाहेब म्हणाले. पिशवी त्यांनी खांद्याला लावली. मग त्यांचं लक्ष साळूबाईकडं गेलं. गुबगुबीत अंग आणि पाठीवर एकही काटा नाही.

"कुणाकडच्या तुम्ही?"

"मी? मी साळूबाई. ही पिशवी आत्ता मीच..."

"ते झालं. पण कुणाकडच्या?"

तेवढ्यात पमाताई दारात आल्या. त्यांच्या पिशवीचा बंद तुटला होता. साळूबाईच्या जिवात जीव आला. "पमाताई, तुम्ही तरी सांगा हो यांना."

पमाताईंनी विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"फार गुणी बाई आहेत," त्या म्हणाल्या. "टाके तर इतके सुबक घालतात. पण आमच्यातल्या नव्हेत त्या. त्या शिवायला असतात."

नानासाहेबांनी पमाताईंना जरा पाठ फिरवायची विनंती केली. घरच्या माणसांसमोर हे बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. मग कितीतरी महिन्यांनी ते पोटभर जेवले.

पमाताईंनी वळून तुटलेला बंद हातात धरला. मग म्हणाल्या, "आता हा बंद कुणाकडून लावून घ्यायचा?"

तात्पर्य : कारागिराची कदर करावी. त्याची वस्तू खांद्याला लावून मिरवावी, चारचौघांत तिचं तोंडभर कौतुक करावं. त्याला नात्यात मात्र घेऊ नये. सगळेच नात्यात आले, तर नानासाहेबांनी खायचं काय?