चिंचेच्या सावलीवरून राज्य दुभंगले त्याची हकीकत

बस रे गड्या, टेक जरा. तो भावावर केलेला कागद खिशातच राहू दे, पळून जात नाही कुठं. आधी एक हकीकत सांगतो ती ऐक, मग तुझा कागद बघू. आम्ही काही शिकलेली माणसं नव्हे, थोरांच्या तोंडून आलं तसं पुढं सांगतो, शब्द वाकडा पडला तर तू सरळ करून घे. तर अक्षर देणाऱ्या गणरायास आणि निरक्षराचंही ऐकून घेणाऱ्या म्हसोबास नमन करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, ते साली एका राज्यी जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचं नाव विचारू नकोस. नाव घेतलं की ऐकणाऱ्यांतच दोन तट पडतात.

ते राज्यी दर सोमवारी बाजार भरे, आणि बाजाराच्या मधोमध रस्त्यात एक जुनी चिंच होती, तिची सावली सकाळी मावळतीच्या बाजूला पडे आणि दुपारून उगवतीच्या. मावळतीला हौसाआक्का पालेभाजी मांडून बसे आणि उगवतीला दाजीबा पानवाले विड्याची पानं मांडून बसत, आणि दोघांचाही माल उन्हात घटकाभर टिकायचा नाही, म्हणून बारा वर्षांची रीत अशी की सकाळी दाजीबानं आपल्या टोपल्या आक्काच्या कडेला आणाव्या आणि दुपारी आक्कानं आपली भाजी दाजीबाच्या कडेला न्यावी. आणि बुंध्याशी सटवाजी अर्जनवीस घोंगडी टाकून बसत. राज्यात असे चाळीस अर्जनवीस होते, ज्याला सरकारात गाऱ्हाणं घालायचं त्यानं त्यांच्याकडून कागद लिहून घ्यावा. पण त्यांची एक जुनी चाल होती. गाऱ्हाणं सगळं ऐकून घ्यावं, मान डोलवावी, आणि मग लिहायचा बोरू त्या गाऱ्हाणेवाल्याच्याच मुठीत द्यावा आणि म्हणावं, “आता समोरचा होऊन बोल. त्याचं नाव घे, ‘मी’ म्हण, आणि त्याची बाजू सांग. सांगून झालं की बोरू परत दे, मग मी लिहितो.” लोक असे चिडत म्हणतोस! कोणी म्हणे, “त्या मेल्याचं तोंड बघत नाही मी, आणि त्याच्या तोंडानं बोलू व्हय?” तर सटवाजी म्हणत, “नको बोलू. बोरू घरी ने आणि दात कोर त्यानं.” मग तो माणूस कुरकुरत बोलायला लागे, आणि बोलता बोलता मधेच थांबे, आणि डोकं खाजवी, आणि निम्म्याहून जास्त लोक बोरू घोंगडीवर ठेवून, “राहू दे, उद्या बघू,” म्हणून जात, आणि तो उद्या काही उगवत नसे. हे जे कागद लिहिलेच गेले नाहीत, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरी नव्हती. इथंच सगळं अडलं बघ.

मग त्या साली समुद्रापलीकडून एक अक्कलयंत्र आलं. दिसायला घासलेल्या पाट्यासारखं, पण बोललं की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पाऊस सांगे, रोग सांगे, कोड्यांची उत्तरं देई, आणि कुणाचंही गाऱ्हाणं तोंडातून निघायच्या आत कागदावर उतरवी, तेही असं की दगडाला पाझर फुटावा. लोक त्याला यंत्रबुवा म्हणू लागले. राजांची मर्जी बहुत खुश जाहली. आणि दिवाणजींनी दप्तर काढून राजांपुढं ठेवलं आणि अर्ज केला की, “महाराज, सटवाजीनं गेल्या महिन्यात अकरा कागद लिहिले. यंत्रानं अकराशे. मग चाळीस माणसं बसवून ठेवायची कशाला?” राजे म्हणाले, “बरोबर आहे.” आणि चाळिसांना नारळ मिळाला. मग दुभाषे गेले, मग नकलनवीस गेले, मग टिपणं काढणाऱ्या पोरीबाळी गेल्या, आणि बाजारात रिकामे हात एवढे जाहले की चहाच्या टपरीवर बसायला जागा मिळेना. दिवाणजींनी दवंडी पिटविली की सर्वांनी नवीन विद्या शिकावी. कोणती ते दवंडीत नव्हतं.

त्यात वैशाखातला एक सोमवार आला. ऊन असं की कावळाही चोच मिटेना. दाजीबाकडं लग्नाच्या मागणीच्या पानांच्या टोपल्या आलेल्या, त्यांनी सगळी सावली अडविली, आणि हौसाआक्का दुपारी भाजीची पाटी घेऊन गेली तर टेकायला हातभर जागा नाही. आक्का क्षणभर उभी राहिली आणि माघारी फिरली, आणि संध्याकाळपावेतो मेथीची जुडी न् जुडी वाळून गेली. मग आक्का रागारागानं यंत्राकडं गेली, आणि यंत्रानं कागद लिहिला की, “सावली ही सकाळच्या बाजूची मूळ वतनदारी असून दुपारच्या बाजूनं ती बळकाविली आहे.” आक्काला हे ठाऊकच नव्हतं! ऐकून तिलाच पटलं. दाजीबाला कळलं तसे तेही गेले, आणि त्याच यंत्रानं त्यांना लिहून दिलं की, “सावली ही दुपारचीच खरी, कारण उन्हाचा छळ दुपारचाच असतो.” दाजीबालाही पटलं. आणि कागदाला कागद लागत गेला, आणि राज्यात सकाळवाले आणि दुपारवाले असे दोन पक्ष जाहले. रिकामा माणूस झेंड्याला लवकर सापडतो, कामावरून काढलेले निम्मे इकडं गेले, निम्मे तिकडं, आणि दोन्हीकडच्या घोषणा यंत्रानंच लिहून दिल्या, आणि दोन्हीकडं म्हणत की, “बघा, आपलं डोकं कसं चालतं!” मग सकाळवाल्यांचा न्हावी वेगळा आणि दुपारवाल्यांचा वेगळा. ठरलेली लग्नं मोडली, का, तर नवरी सकाळची. एका कट्टर दुपारवाल्यानं तर कोंबडा भर दुपारी आरवायला शिकविला, आणि त्या कोंबड्याची मिरवणूक निघाली. आणि एका सोमवारी दगड चालले, आणि कुणाचं डोकं फुटलं, आणि मग राजे वैतागले आणि यंत्राला पुसते जाहले की, “हा तंटा मिटेल कशानं?” यंत्र म्हणालं, “सावली नसेल तर सावलीचा तंटा नसेल.” राजे म्हणाले, “बरोबर आहे.” आणि पुढल्या सोमवारी चिंच तोडण्याची आज्ञा जाहली.

आता सटवाजी काम गेलं तरी रोज चिंचेखाली घोंगडी टाकून बसतच होते. बायको म्हणायची, “अहो, कोण येतंय तुमच्याकडं?” तर म्हणत, “मी येतो की.” त्यांना ही आज्ञा कळली. काम गेलं ते गेलं, आता बसायची जागाही जाणार. धावत दिवाणजींकडं गेले. दिवाणजी म्हणाले, “तोंडी चालत नाही. यंत्राकडून अर्ज लिहून आणा.” मग काय करतात! ज्यानं पोटावर पाय दिला त्याच्याच पुढं जाऊन बसले आणि चिंच वाचवायचा अर्ज लिहवून घेतला. असा सुरेख अर्ज की सटवाजी स्वतः रडले. आणि मग, हाताची खोड जाते का, बोरू काढून यंत्रापुढं ठेवला आणि म्हणाले, “आता समोरचा होऊन बोल.” आणि यंत्रानं चिंच का तोडावी ते तितक्याच सुरेख सांगितलं! सटवाजी चकित. “आरं, तुला समोरची बाजू ठावी हाय?” “हो.” “आक्का आली तवा दाजीबाची ठावी व्हती?” “हो.” “मग बोलला का न्हाईस?” यंत्र म्हणालं, “मला कुणी विचारलं नाही.” सटवाजींनी कपाळावर हात मारला, आणि मग त्यांना हसूच आलं. म्हणाले, “आरं बाबा, तुझ्यात सगळं हाय. तुझा दोष एकच, लई आज्ञाधारक हायेस.”

मग सोमवारी कुऱ्हाडवाले आले आणि राजे स्वतः आले, आणि सटवाजींनी यंत्र पाटीत घालून डोक्यावरून बाजारात आणलं आणि सकाळवाल्यांपुढं ठेवून म्हणाले, “ऐका, दाजीबाची बाजू सांगतंय.” यंत्र सांगू लागलं, आणि चार वाक्यं जातात न जातात तोच ओरडा उठला, “फितूर झालं! यंत्र फितूर झालं! दुपारवाल्यांनी विकत घेतलं!” आणि वांगी उडाली. दुपारवाल्यांपुढं नेलं तर तिकडंही तेच, फक्त टोमॅटो. आणि तेवढ्यात पहिली कुऱ्हाड पडली आणि चिंचेची एक फांदी कडाडून खाली आली. तेव्हा सटवाजींच्या ध्यानात आलं की आपणही कधी कुणाला समोरच्याची बाजू सांगितली नव्हती, आपण ती गाऱ्हाणेवाल्याच्याच तोंडून वदवीत होतो. मग ते कुऱ्हाडीच्या आड उभे राहिले आणि ओरडले, “हौसाआक्का! ये इकडं. धर बोरू.” आक्का म्हणाली, “मी नाही धरत जा. म्हातारा झालास, मरायचा आहेस का कुऱ्हाडीखाली?” “धर म्हणतो ना!” मग आक्कानं धरला. आणि सटवाजींनी दाजीबाला समोर बसविलं.

आक्का बोलू लागली, “मी दाजीबा. मी लबाड.” सटवाजी म्हणाले, “दाजीबा सोताला लबाड म्हणंल व्हय? नीट बोल.” मग आक्का बोरू सावरून म्हणाली, “मी दाजीबा. त्या दिवशी लग्नाची पानं आली. नजर अधू झाली माझी, पानं मोजताना मान वर करत नाही मी. आक्का दर सोमवारी लांबूनच हाक मारती, ‘दाजीबा, सरका!’ त्या दिवशी हाक आलीच न्हाई. मला वाटलं, आज आक्का लवकरच घरी...” आणि थांबली. सटवाजींनी बोरू घेऊन दाजीबाच्या मुठीत दिला. दाजीबा म्हणाले, “मी हौसाआक्का. मी हाक मारली न्हाई.” “का न्हाई मारली?” दाजीबा पानांकडं बघत हळूच म्हणाले, “बारा वर्सं मीच हाक मारतीया. या बाबानं एकदा तरी आपणहून ‘ये, बस’ म्हणावं. म्हटलं, बघू तरी म्हणतोय का.” आक्कानं पदर तोंडाला लावला. दाजीबा उठले आणि टोपल्या ओढून हातभर जागा केली, आणि म्हणाले, “ये आक्का. बस.” आक्का नाक पुसत म्हणाली, “हातभरच? मी काय शेळी हाय?” आणि बाजार हसला, आणि कुऱ्हाडवाल्यांनी राजांकडं बघितलं, आणि राजांनी हात वर केला.

मग राजे यंत्राला म्हणाले, “हे तुला का सुचलं नाही?” यंत्र म्हणालं, “समोरच्याची बाजू मला सांगता येते. पण तुमच्याकडून ती वदवून घ्यायची आणि तोवर गप्प बसायचं, अशी मला आज्ञा नव्हती.” राजे म्हणाले, “बरोबर आहे.” आणि ते दिवशी प्रथमच दिवाणजींना दप्तर मिटवावयास सांगितलं.

तात्पर्य थोडक्यात. अर्जनवीस घोंगडीवर परत बसविले. पण चाळिसांतले नऊच आले. बाकीचे कोण कुठं गेले त्याचा ठाव लागला नाही, आणि दुभाषे नि नकलनवीस तर कुणी बोलाविलेच नाहीत, हे राज्याला लागलेलं पाप अजून फिटलं नाही. यंत्र घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला बसतं, आणि बोरू परत आल्याशिवाय अक्षर लिहीत नाही. पक्ष दोन्ही आहेत, कोंबडा अजून दुपारीच आरवतो, आणि चिंचेची तेवढी फांदी नाही, तिथून ऊन आत येतं, तर ज्याच्यावर पडेल तो थोडा सरकून बसतो.

इतकी हकीकत. आता तुझा कागद. काढ, मी वाचत नाही, मला वाचता येत नाही. भाषा मोठी गोड असणार, यंत्रानं लिहिली असंल. तो इथं मांडीवर ठेव. आणि हा घे बोरू, मुठीत धर. आता तुझ्या भावाचं नाव घे, आणि ‘मी’ म्हणून बोल.