फुलचंदभाऊ उभे राहिले

फुलचंदभाऊ उभे राहिले ते गुडघे दुखत होते म्हणून, आणि थोडी घाईही होती म्हणून. संध्याकाळी विदुषी सुनीती रेडकरांचं गाणं होतं, नाट्यगृहात सजावटवाला येऊन ताटकळला असणार होता आणि जैन स्थानकातलं सकाळचं प्रवचन काही आवरत नव्हतं. भाऊंनी रीतसर हात जोडले, पाटावर बसलेल्या साध्वींकडे, महासतीजींकडे, पाहून मान लववली आणि आता हळूच मागच्या दारानं सटकावं, असा विचार केला. पण तेवढ्यात सगळं स्थानक त्यांच्याकडे बघायला लागलं. बायकांच्या बाजूला बसलेल्या सज्जनबाईंनी, म्हणजे भाऊंच्या सौभाग्यवतींनी, तर डोळ्यांना पदर लावला.

झालं होतं ते असं. महासतीजी नुकत्याच म्हणाल्या होत्या की, चातुर्मासातला हा मोठा दिवस आहे, ज्यांना उद्याच्या सूर्योदयापर्यंत पूर्ण मौन घ्यायचं असेल त्यांनी हात जोडून उभं राहावं, म्हणजे पच्चक्खाण देता येईल. पच्चक्खाण म्हणजे सगळ्यांच्या साक्षीनं घेतलेला नियम. तो परत करता येत नाही. आणि हे मौनही साधंसुधं नव्हतं. लिहून दाखवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, मानेनं हो-नाही म्हणायचं नाही. भाऊंच्या डोक्यात तेव्हा तंबोरे कुठे ठेवायचे हा विचार चालला होता, त्यामुळे यातलं अक्षरही त्यांच्या कानात शिरलं नाही. ते उभे राहिले आणि एकटेच उभे राहिले. महासतीजींनी प्रसन्न चेहऱ्यानं पाठ म्हटला, सगळ्यांनी अनुमोदना दिली, आणि काय झालं हे शेजारच्या माणसाच्या कुजबुजीतून भाऊंना कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती.

आता फुलचंदभाऊ गप्प बसणार, ही जळगावात बातमी होती. डाळ मिल मुलाच्या, रोनकच्या, हाती सोपवल्यापासून भाऊ फक्त दोन कामं करत. संगीत सभा चालवत आणि बोलत. एकदा त्यांनी तासाभराचं मौन घेतलं होतं; रेडिओवरच्या निवेदकानं राग चुकीचा सांगितला आणि भाऊंनी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. तेव्हापासून सज्जनबाई त्यांच्या व्रतांचा विषय काढत नसत. आज मात्र घरी येताना रिक्षात त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, की आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यामुळे संघात माझी मान उंच झाली. भाऊंनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. हे एवढं ऐकल्यावर कुठला माणूस तोंड उघडेल?

पण तोंड उघडल्याशिवाय भागण्यासारखं नव्हतं. सुनीतीताईंना उग्र वासाची फुलं चालत नसत. निशिगंध, मोगरा नुसता जवळ आला तरी त्यांचा गळा बंद व्हायचा. दोन वर्षांपूर्वी धुळ्याला कोणीतरी सुरुवातीलाच गळ्यात हार घातला, बाईंना कशीबशी एक बंदिश गाता आली आणि लोक म्हणाले, बिदागी घेतली आणि उठून गेल्या. भाऊ बारा महिने त्यांच्या मागे लागले होते. शेवटी ताई फोनवर म्हणाल्या, "फूल एकही नको. पाळणार असाल तरच येते." भाऊंनी शब्द दिला होता, की मी स्वतः बघतो.

भाऊंच्या 'मी स्वतः बघतो'चा अर्थ असा, की दुसऱ्या कोणाला काही सांगायचं नाही. ऐन दिवशी सगळ्यांना गोळा करून मोठ्यानं सूचना देण्यात त्यांना विलक्षण आनंद मिळायचा. ही फुलांची सूचना त्यांनी खास राखून ठेवली होती. ती ते आज दुपारी देणार होते.

दुपारी भाऊंना जेवण गेलं नाही. समोर बसून रोनक उत्साहानं सांगत होता, की पप्पा, तुम्ही आज अजिबात काळजी करू नका, सगळं माझ्यावर सोडा, स्टेज मी निशिगंधानं असं भरून टाकतोय की शेवटच्या रांगेपर्यंत घमघमाट जाईल. भाऊंच्या हातातली पोळी ताटात पडली. सज्जनबाईंनी ती पाहिली आणि ताट उचललं.

एवढ्यात भाऊंचा फोन वाजला. सुनीतीताईंचाच होता. फोन दुसऱ्याच्या हातात देणं ही खूण होते की नाही, याचा भाऊंनी क्षणभर विचार केला आणि तो रोनकच्या हातात कोंबला. देवानंच मार्ग काढला, असं त्यांना वाटलं.

"नमस्कार ताई, मी त्यांचा मुलगा. पप्पांचं आज मौन आहे."

"अरे वा. आमची गाडी आत्ताच चाळीसगावहून निघाली. भाऊंना मी एक गोष्ट सांगून ठेवली होती..."

"सगळं सांगितलंय ताई त्यांनी आम्हाला. तुम्ही एकदम निश्चिंत या."

ताई बरं म्हणाल्या आणि फोन बंद झाला. रोनकनं बापाला विश्वास वाटावा म्हणून त्यांच्या खांद्यावर थोपटलं. भाऊंनी मुलाकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर मौनात बसते की नाही, हे महासतीजींनाच विचारावं लागलं असतं.

भाऊ तडक नाट्यगृहात गेले. बोलायला बंदी होती, खुणांना बंदी होती, पण काम करायला कोणी बंदी केली नव्हती. स्टेजवर कौतिक नावाचा पारोळ्याकडचा सजावटवाला निशिगंधाच्या माळा सोडत होता. भाऊंनी एक माळ उतरवली, बाहेर नेली आणि त्याच्याच टेम्पोत ठेवली. मग दुसरी. कौतिकला वाटलं, माळ सुकलेली असेल. त्यानं ताजी आणून लावली. भाऊंनी तीही नेली. असं बराच वेळ चाललं. एक माणूस फुलं आत आणतोय, दुसरा बाहेर नेतोय, आणि दोघंही घामाघूम. शेवटी कौतिक जिन्यात आडवा उभा राहिला.

"भाऊ, हाई काय चालू शे? मी लावस, तुम्ही काढतस. बठ्ठा माल ताजा शे. मन्हं काय चुकनं ते तरी सांगा."

एक शब्द पुरेसा होता. त्यांनी डोळे मिटले, रिक्षातल्या सज्जनबाई आठवल्या, आणि कौतिकला बाजूला सारून ते माळांच्या टोपलीसकट खाली उतरले.

नेमके तेव्हाच जैन संघाचे मंत्री बन्सीलालजी पास न्यायला आले. बन्सीलालजींना कुठल्याही गोष्टीचा गहन अर्थ लावायची सवय होती. त्यांनी टोपली पाहिली, भाऊंचे पाणावलेले डोळे पाहिले, आणि रोनककडून भाऊ जेवले नाहीत हेही काढून घेतलं. मग त्यांनी रोनकला कोपऱ्यात नेलं.

"फुलातही जीव असतो बेटा. मौन, उपवास, आणि आता ही जीवदया. ही लक्षणं साधी नाहीत. भाऊंचं मन संसारातून उठलंय."

"म्हणजे?"

"दीक्षेचे भाव आहेत. आईला सांग, मन घट्ट कर म्हणावं. साधू व्हायला घरच्यांची आज्ञा लागते."

रोनक घाबरला आणि फुलं दिसली नाहीत तर पप्पांचं मन जरा थाऱ्यावर येईल, असं वाटून त्यानं ताबडतोब सगळी सजावट उतरवायला लावली. कौतिकची फुलं टेम्पोत गेली, स्टेजवर नुसती गादी, तक्के आणि दोन समया उरल्या. भाऊंना एवढं हायसं वाटलं की ते खुर्चीत बसून हसले. दीक्षा घेणारा माणूस असाच हसतो, असं बन्सीलालजींनी शेजारच्याला सांगितलं. संध्याकाळ व्हायच्या आत ही गोष्ट गावभर झाली. पोलन पेठेतून निघालेली बातमी भाऊंच्या घरी पोचली तेव्हा तिच्यात दीक्षेची तिथीसुद्धा ठरली होती.

नाट्यगृह खचाखच भरलं. सुनीतीताई वेळेवर आल्या, मोकळ्या स्टेजकडे पाहून समाधानानं हसल्या आणि तंबोरे लावायला बसल्या. भाऊ स्टेजच्या जिन्यापाशी उभे होते. आता फक्त स्वागत, आणि मग गाणं. स्वागत शालीनं होणार हे त्यांनी स्वतः ठरवलेलं होतं.

पण आपल्याकडे कलाकाराचं स्वागत फक्त आयोजकानं करून भागत नाही. व्यापारी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, एक माजी नगरसेवक, ही सगळी मंडळी आपापली सोय करून आली होती. निवेदकानं त्यांची नावं पुकारली आणि भाऊंना दिसलं की मधल्या वाटेनं माजी नगरसेवक येतायत आणि त्यांच्यापुढे दोन कार्यकर्ते निशिगंधाचा हार पेलत आणतायत. हार चांगला मांडीएवढा जाड होता. त्याच्यामागे व्यापारी मंडळ मोगरा घेऊन. त्याच्यामागे आणखी रांग. पंख्याच्या वाऱ्यानं पहिला घमघमाट पुढे आला आणि स्टेजवर ताईंचा हात तंबोऱ्यावरून निघून गळ्याकडे गेला.

एका वर्षाची खटपट, दिलेला शब्द, आणि उद्या धुळ्यासारखंच जळगावचंही नाव. नगरसेवकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. भाऊंनी तोंड उघडलं. पहिल्या रांगेत सज्जनबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. भाऊंनी तोंड मिटलं, दोन पायऱ्या खाली उतरले आणि सरळ त्या हारात मान घातली.

नगरसेवक हार धरून तसेच उभे राहिले. पाहुण्याचा हार यजमानानं ओढून घ्यावा, हे जळगावात कधी घडलं नव्हतं. तेव्हा बन्सीलालजी उठले आणि त्यांनी निवेदकाच्या हातातून माइक घेतला. त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं, की फुलांच्या हिंसेचं पाप पाहुण्यांना लागू नये म्हणून हा पुण्यात्मा ते स्वतःच्या गळ्यात घेतो आहे, आणि असा जीव आता फार दिवस आपल्यात राहणार नाही, तो दीक्षेच्या वाटेवर आहे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग काय, ज्याच्या हातात जे होतं ते भाऊंच्या गळ्यात पडलं. व्यापारी मंडळाचा मोगरा पडला, महिला मंडळाचा गजऱ्यांचा हार पडला, कोणीतरी पायावर पाकळ्या टाकल्या. भाऊंनी एकेकाला जिन्यातच अडवून मान पुढे केली. शेवटी नाकापर्यंत फुलं आली तेव्हा ते वळले आणि लगबगीनं दाराबाहेर पडले. मागे दार बंद झालं आणि तंबोरे पुन्हा लागले.

बाहेर भाऊंनी सगळे हार कौतिकच्या टेम्पोत टाकले. पण वास सदऱ्यात मुरला होता, मिशीत मुरला होता. हा वास घेऊन आत जायची त्यांची हिंमत झाली नाही. ज्या गाण्यासाठी त्यांनी वर्षभर जिवाचं रान केलं, ते ऐकायला ते तिकीट खिडकीजवळच्या बाकावर बसले, बंद दाराकडे कान लावून. आलापी सुरू झाली. आवाज झिरपत बाहेर येत होता, स्वच्छ, मोकळा. भाऊंना रडू फुटायचंच बाकी होतं.

दार उघडलं आणि सज्जनबाई बाहेर आल्या. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"मी आज्ञा देणार नाही," त्या म्हणाल्या.

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. मानेनं नाही म्हणायची सोय नव्हती.

"संघ काय म्हणायचं ते म्हणू दे. इतकी वर्षं मीच तुमच्या मागे लागले, नियम घ्या, घडीभर सामायिकाला बसा. पण मी असं कुठे म्हटलं होतं? आज दुपारी घर इतकं शांत होतं, मला कळेचना काय बिघडलंय. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बडबडता ना, ते मी ऐकत नाही असं तुम्हाला वाटतं. मी सगळं ऐकते. रागांची नावं पाठ झालीत माझी. ती बडबड नसली तर मी भाजी कोणासाठी करायची? लग्नात तुम्ही मला आवडला नव्हता. फार बोलत होता. आता दुसरं कोणी आवडायचं नाही. बस, एवढंच."

आत ताईंनी एखादी अवघड जागा घेतली असावी, कारण सगळं सभागृह एकदम वाहवा म्हणालं. भाऊ सज्जनबाईंकडेच बघत होते. दोघं गाणं संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

सकाळी सूर्य उगवायच्या आत बन्सीलालजी पाच-सहा जणांना घेऊन हजर झाले. दीक्षार्थीचा पहिला शब्द त्यांना आपल्या कानानं ऐकायचा होता. ऊन गच्चीच्या कठड्यावर आलं आणि भाऊ बोलायला लागले. उभं राहण्यापासून टेम्पोपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं, मध्ये रोनकला रागावून घेतलं, नगरसेवकाच्या हाराच्या जाडीवर मत दिलं, आणि दीक्षेचा विचार आपल्या सात पिढ्यांत कोणी केला नसल्याचं स्पष्ट केलं. बन्सीलालजींचा चेहरा उतरला. ज्यांनी रात्री पाकळ्या वाहिल्या होत्या, ते चपला शोधू लागले.

सज्जनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कानशिलं लाल झाली होती.

"म्हणजे तुम्ही कुठे जाणार नव्हताच."

"कशाला जाऊ?"

"मग काल बाहेर मी जे काही बोलले, ते विसरायचं."

"काल तू काही बोललीस?" भाऊ अगदी सहज म्हणाले. "मी काही ऐकलंच नाही. माझं सगळं लक्ष गाण्यात होतं."

सज्जनबाई आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच जोरात आपटायला लागल्या. बन्सीलालजींना निदान काहीतरी पदरात पाडून घेऊन जायचं होतं. ते म्हणाले, की दीक्षेचं राहू द्या, पण कालच्यासारखं गाणं गावात झालं नाही असं जो तो म्हणतोय. शेवटच्या भैरवीला तर लोक उभे राहून रडत होते. तुम्ही जाणकार, तुम्ही सांगा, भैरवी कशी वाटली?

फुलचंदभाऊंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"भैरवी झाली का?" त्यांनी विचारलं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.