आईची पावसाळ्यापूर्वीची तपासणी

दरवर्षी मे महिन्यात खाणीचं धरण माझ्या आईची तपासणी करतं.

आई भू-तांत्रिक, म्हणजे माती-खडकाची, अभियंता आहे. मँगनीज धुतल्यावर उरलेला गाळ ज्या मातीच्या धरणामागे साठवतात, ते अकरा वर्षं तिच्याकडे आहे. आई धरणाला दाखला देते आणि धरण आईला. त्याशिवाय दोघांनाही पावसाळ्यात उभं राहता येत नाही.

या वर्षी सुट्टी होती म्हणून मीही गेले. मॅनेजर ढोमणे साहेब छत्री घेऊन आले होते. आई धरणाच्या माथ्यावर खुर्चीत ताठ बसली.

"तडे, मॅडम?" धरणाने विचारलं.

"नाहीत."

"यंदा भार वाढला?"

"डिसेंबरात मिस्टर वारले. चौथ्या दिवशी मी कामावर आले."

"म्हणजे थर मुरायला वेळ दिला नाही."

"नाही."

"गळती?"

"शून्य!" ढोमणे साहेबच म्हणाले. "स्मशानातसुद्धा एक थेंब नाही. मी स्वतः होतो ना. वाघीण आहे आमची."

"पाझराबद्दल वहीत काय लिहिलंय?" धरणाने विचारलं. आईच्या वहीत लाल शाईने अधोरेखित केलेलं एक वाक्य मला आठवलं. चांगलं धरण रोज थोडं पाझरतं. पाझर अचानक थांबला, तर पाणी आत तुंबतंय असं समजावं.

"वही तुमचीच आहे, मॅडम," धरण म्हणालं.

"हो."

"मग दाखला देता येत नाही. खालच्या अंगाला वस्ती?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "एक मुलगी. दहावीत गेलीय."

"पावसाआधी हलवा."

"अहो, असं कसं?" ढोमणे साहेबांची छत्री खाली पडली. "मुदत द्या थोडी!"

"नियम तुमच्याच खाणीचा आहे, साहेब."

आपण इतकी वर्षं आईच्या खालच्या अंगाला राहतोय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहारेकरी उईके काका आले आणि माझ्या खोलीच्या दारावर त्यांनी लाल फुली मारली. "रंग ओला आहे, पोरी, हात लावू नको," एवढंच म्हणाले.

मी आता तुमसरला मावशीकडे असते. शाळा बरी आहे. आई रोज संध्याकाळी सात वाजता फोन करून आतल्या पाण्याची पातळी कळवते. महिनाभर आकडा तोच होता. काल मात्र आधी नुसतं तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता.

मग म्हणाली, "दोन सेंटिमीटर उतरली."

मी तारीख घालून लिहून घेतलं.